बंद पाकिटातला भाऊ

४ मे, रविवार

दुपारी अनिकेतच्या क्लिनिकमध्ये. रविवारी दातांना सुट्टी, म्हणून पेशंटच्या बाकांमध्ये टेबल टाकून आमचा फाशांचा खेळ. अनिकेत मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. आम्ही तिघं, मी, रुखसाना आणि हेमंत, त्यातली पात्रं. (बाबा अजून सापशिडीच म्हणतात.)

आज नव्या मोहिमेसाठी बॅकस्टोऱ्या, म्हणजे पात्रांच्या पूर्वकथा, वाचल्या. ज्याची चांगली, तिच्यावर अख्खी मोहीम उभी राहणार. दोन वर्षं वाट बघतेय मी याची. माझी इरावती, हद्दपार राजकन्या. अकरा पानं. सात पिढ्यांची वंशावळ. चौथ्या पानाला रुखसानाने जांभई दिली, बघितलं मी.

मग हेमंत. नवीन आहे, करंजाचा कोळी, तिसराच रविवार त्याचा. अर्धं पान. त्याचं पात्र तांडेल, होडीचा मुख्य. माणसं चढताना मोजतो, उतरताना परत मोजतो. एकदा उतरताना एक कमी भरला. तो त्याचा भाऊ. संपलं.

अनिकेतने चष्मा काढून पुसला. माझ्या अकरा पानांना "मस्त, डिटेल आहे" म्हणाला होता!

अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन जेवले नाही.

६ मे, मंगळवार

हेमंत आमच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात. अनिकेतला त्याचं अक्षर लागत नाही, म्हणून आमच्याकडेच टायपिंगला. दोन कागद. एक परवाचा. दुसरा गुपिताचा. आमचा नियमच आहे, प्रत्येकाचं एक गुपित बंद पाकिटात, फक्त मास्टरने उघडायचं.

म्हटलं, "अरे, हे मी वाचायचं नसतं."

"मग टाईप कोन करनार? तू काय परकी हायस, ताय?"

ताय! दोन वर्षांनी मोठी आहे फक्त.

तीनदा वाचलं. टायपिंगला एकदा पुरतं. 'भाऊ बुडला नाय. दुसऱ्या किनाऱ्याला लागलाय. मास्टर, कवा आनायचा ते तुमी ठरवा, पन आना.' शुद्धलेखन मुद्दाम सुधारलं नाही. तसंच ते जास्त चांगलं वाटतंय, हे आणखी वाईट.

७ मे, बुधवार

सकाळपासून एकच ओळ डोक्यात. जळते मी त्याच्यावर, सरळ सांगायचं तर. एवढी पुस्तकं वाचून मला जे जमलं नाही ते हा जाळी विणता विणता लिहितो?

इरावतीचं गुपित नव्याने लिहिलं. तिच्या जहाजाला पाण्यात एक माणूस दिसला. हात वर करून हाका मारत होता. तिने जहाज थांबवलं नाही. तो तिच्यादेखत बुडाला. नंतर कळलं, तांडेलाचा भाऊ.

चारच ओळी. मलाही येतं म्हटलं अर्ध्या पानात! दोन्ही पाकिटं क्लिनिकमध्ये देऊन आले.

९ मे, शुक्रवार

अनिकेतचा फोन. "दोघांनी ठरवून लिहिलंत ना? सॉलिड आहे! त्याला वाटतंय भाऊ जिवंत, आणि तो मेला हे फक्त तुला माहितीये. अठराला टेबलावर फोडू. तुझंच गुपित मोहिमेचा कणा."

म्हटलं, "हो, ठरवूनच."

दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. एका गिऱ्हाईकाचं शपथपत्र उलटं प्रिंट केलं.

११ मे, रविवार

हेमंतचा तांडेल प्रत्येक बंदरावर विचारतो, असा असा माणूस बघितला का? रुखसाना आपल्या पाळ्या सोडून त्याच्याबरोबर शोधायला. मी गप्प. मला माहीत होतं ना. मजा आली, खोटं कशाला लिहू.

१५ मे, गुरुवार

आईबरोबर करंजाला, पावसाळ्याआधीच्या आगोटीच्या खरेदीला. सुके बोंबील, जवळा. बाजारात हेमंत भेटला, घरी नेलंच त्याने. त्याची आई चहा घेऊन आली. भिंतीवर एका तरुणाचा फोटो, हेमंतसारखंच नाक. आमच्या आईने विचारलं, हा कोण?

"मोठा माजा. बोटीवरनं गेला, चार वर्सं झाली. लोक बोलतात फोटोला हार घाल. मी नाय घालनार."

हेमंत तिथे उभा राहून बोंबील पिशवीत भरत होता. वर बघितलं नाही त्याने.

चहा तसाच ठेवून मी उठले. रिक्षात आई म्हणाली, उन्हाने झालं असेल.

१६ मे, शुक्रवार

अनिकेतला फोन केला. "रूट कॅनल चालूये, रविवारी बोलू." परत केला नाही.

मेसेज टाईप केला, पुसला. तीनदा. सांगायचं म्हणजे, आम्ही काही ठरवलं नव्हतं, मी त्याचं गुपित वाचून त्याचा भाऊ मारला, हे सांगायचं. मग मला खेळायला कोण घेईल? आणि लाज वाटते लिहायला, पण दुसरंही आहे. भाऊ जिवंत झाला की मोहीम परत हेमंतची. कालचं सगळं बघूनसुद्धा हे मनात येतं. कसली बाई आहे मी.

१७ मे, शनिवार

ठरलं. उद्या लवकर जाऊन अनिकेतला गाठायचं आणि सांगायचं.

१८ मे, रविवार

लवकर गेले. हेमंत माझ्याही आधी हजर, सगळ्यांसाठी तळलेला जवळा घेऊन. अनिकेत एकटा सापडलाच नाही. किंवा मी शोधला नाही.

चार वाजता अनिकेतने फासे बाजूला ठेवले. म्हणाला, "इरावती, त्या दिवशी पाण्यात तुला एक माणूस दिसला होता. तांडेलाला सांग, काय झालं त्याचं."

हेमंतने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. म्हटलं, पाच मिनिटं द्या.

आता रिसेप्शनच्या खुर्चीत बसून हे लिहितेय. दार अर्धवट उघडं आहे. आत हेमंत रुखसानाला सांगतोय, "तायला म्हाईत हाय माजा कागद. तिनंच टाईप केला. भावाला तिच्या जहाजावर घेतलान तिनं, बघ तू."

अनिकेत दाराकडे बघतोय. आता त्याने हाक मारली.