पडद्याखालचे पाय

मंगळवार, जेवणाआधी

हुश्श! चार दिवसांनी आज सुमनताई माझ्याशी बोलल्या. चूक माझीच होती. पाहुण्यांसमोर मी त्यांचं, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचं, मराठी सुधारलं, तेही हसत हसत. त्यांचा जन्मच बनारसचा, तिथं दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं हिंदी. मी साताऱ्याची म्हणून फार शहाणी का? पण माफी मागायला तोंड उघडेना.

घरात टीव्ही एकच, त्यामुळे संध्याकाळची मालिका दोघी एकमेकींशी न बोलता बघत होतो. नायिका रडत रडत आपलं गुपित सांगत होती आणि खाष्ट आत्या पडद्यामागून ऐकत होती. पडदा आखूड! आत्याचे पाय पैंजणांसकट दिसत होते. नायिकेला कसे दिसेनात?

ताईंना राहवेना. "अगं बुद्धू, परद्याच्या नीचे बघ ना, पाय दिसतायत तिचे!"

मला हसू फुटलं. ताई एकदम उठायला लागल्या.

"ताई, तुम्हाला नाही हो, त्या पायांना हसले. आणि त्या दिवशी... चुकलंच माझं."

त्या परत खाली बसल्या. मग म्हणाल्या, "हो, चुकलंच. पण ते पाय बघ, अजून तिथंच आहेत!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघी हसलो.

नंतर माझा आवडता विनोदी कार्यक्रम लागला. एरवी मी त्यातलं एक वाक्य चुकवत नाही. आज त्यात काय झालं, मला काहीच ठाऊक नाही. आम्ही बोलत बसलो होतो.