कातरणीनंतरचा पाऊस

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता मुकुंदवाडीत राहते, स्टेशनच्या मागं, एका खोलीत. सकाळी कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटते. नवरा कंपनीत जातो. हे ऐकून तुम्ही पहिलं काय विचाराल ते मला ठाऊक आहे. "मंग मेंढरं कुणाच्या हवाली केली?" असंच विचाराल. लेक कशी आहे, ते नंतर. म्हणून तेच आधी सांगते. मेंढरं नाहीत, आबा. एकही नाही.

तुम्हाला मुलगा नव्हता म्हणून कातर माझ्या हातात आली, असं भावकीतले लोक म्हणायचे. मला तसं कधी वाटलं नाही. पहिल्या वर्षी लोकर कातरताना एका मेंढीच्या पोटाला टोक लागलं आणि रक्त आलं. तुम्ही माझ्या हातातनं कातर काढून घेतली. ओरडला नाहीत. जखमेत हळद भरत एवढंच म्हणालात, "तिला बोलता येत नाय म्हून काय झालं? तिचं कातडं तुझ्यापरीस पातळ हाय." दोन वर्षं मला हात लावू दिला नाहीत. तिसऱ्या वर्षी वैजापूरच्या बाजारातनं लोहाराकडून माझ्या हाताच्या मापाची छोटी कातर करून आणलीत आणि माझ्या भाकरीशेजारी ठेवलीत. त्या दिवशीचं अजून डोळ्यांपुढं आहे: तुम्ही बांधावर बसलेले आहात, एक मेंढी गुडघ्यात धरलेली, आणि मला सांगताय, "दिवाळी होऊ द्यायची. दिवाळी झाली की आभाळ कोरडं. मंग पंधरा दिवसांनी कातर लावायची, म्हंजे कडक थंडीच्या आत बोटभर लोकर येती." तुमच्या हयातीत हे कधी चुकलं नाही. मीही ते कधी मोडलं नाही.

मेंढरं गेली त्या सालीही दिवाळी होऊ दिली. पंधरा दिवस जाऊ दिले. मग कातरली सगळी, अंगाला भार नको म्हणून. आठवड्यानं आम्ही वैजापूरकडं एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली. त्याचा मका निघालेला होता, कांदा लावायच्या आधी त्याला लेंडीखत पाहिजे होतं. शेजारी त्याचाच कापूस, बोंडं फुटून रान पांढरंशुभ्र झालेलं. नवरा औषध आणायला वैजापूरला गेला होता. सकाळी उगवतीकडनं वारं सुटलं. शेतकरी बांधावर येऊन म्हणाला, "ताई, आभाळ लई भरलंय. पण आता कुठला पाऊस? शिंतोडे येतील अन् जातील." मलाही तसंच वाटलं. दिवाळी झाली होती ना.

शिंतोडे नव्हते ते. तासाभरात काळ्या रानाचा चिखल झाला. मध्येच गारा, मग पुन्हा पाऊस, आणि वारं असं की हाडात शिरावं. पलीकडं मुरमाड टेकाड होतं, तिथं न्यायची म्हणून मी मेंढरं उठवली, पण पाय रुततात म्हटल्यावर ती हलेनात. एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहिली. उघडी, गुलाबी दिसणारी अंगं. कोकरं उचलून मी शेतकऱ्याच्या गोठ्यात नेली, सहा-सात खेपा केल्या. शेवटच्या खेपेला त्याची बायको डोक्यावर पोतं घेऊन आली, दंड धरला आणि म्हणाली, "अगं, तू मरशील बाई!"

पाऊस बारीक झाला तेव्हा दुपार होत आली होती. निम्म्याहून जास्त मेंढरं आडवी झालेली होती. काही अजून पाय झाडत होती, ती संध्याकाळपर्यंत गेली. शेतकरी कापसाच्या सरीत उभा होता, हातात भिजून काळपट झालेलं बोंड. माझ्याकडं आला आणि ते बोंड खाली टाकून म्हणाला, "मघापासून कापसासाठी रडत हुतो. आता लाज वाटती." दुसऱ्या दिवशी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "कातरली कधी?" मी सांगितलं. त्यांनी एका मेलेल्या मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवला. मग म्हणाले, "लोकर असती तर बरीच वाचली असती."

म्हणजे मारली कुणी, आबा? मी तुमचं ऐकलं म्हणून ती मेली. तुम्ही खोटं सांगितलं नव्हतं, हेही मला माहीत आहे. पण आता दिवाळीनंतर पाऊस येतो, पोळ्याला ऊन भाजतं, हरभरा फुलात असताना गारा पडतात. आम्ही आमच्या लेकरांना काय शिकवायचं? आम्ही निघताना तो शेतकरी म्हणाला, "चुकलो कुठं ते तरी कळाय पाहिजे ना ताई, म्हंजे पुढच्या सालाला सुधारता येतं." पुढच्या सालाला मी उरलेली मेंढरं विकून टाकली. गाडीत चढताना त्यांच्याकडं बघितलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. वहीत राहील. पण एक गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, डॉक्टरांनाही नाही. सगळ्यांना मी हेच सांगत आले की शेवटपर्यंत मेंढरांत उभी होते. नव्हते, आबा. शेतकऱ्याची बायको मला घरात घेऊन गेली. तिनं कोरडं लुगडं दिलं, चुलीपाशी बसवलं. बाहेर मेंढरं ओरडत होती, ते ऐकू येत होतं. मग हळूहळू कमी ऐकू यायला लागलं, तेही कळत होतं. हातपाय शेकले होते, उठता आलं असतं. तिनं चहाचा दुसरा कप पुढं केला, आणि मी तो घेतला.