पियुषच्या यादीतलं जुनं कार्ड

॥ श्री ॥
मंगळवार, १५ एप्रिल. अकोला.

आज आलेलं सामान : प्रोसेसर ११,२००. मदरबोर्ड ८,९००. रॅमच्या दोन पट्ट्या ३,६००. एसएसडी ३,४००. पॉवर सप्लाय ५,१००. काचेचं कॅबिनेट ४,३००. स्क्रीन १०,८००. कीबोर्ड-माऊस १,९००. एकूण ४९,२००. आता फक्त ग्राफिक कार्ड राहिलं.

यांची बदली अंजनगाव सुर्जीहून अकोल्याला झाली, त्याला आज आठ दिवस झाले. घर जुन्या शहरात, गल्लीच्या टोकाला आहे. खाली किराणा दुकान, वर आम्ही. दोन खोल्या, अन् गच्चीला लागून तिसरी लहान खोली; तिला एक दार घरात, एक गच्चीवर. उजेड भरपूर. खोके उघडताना मला सणासारखं वाटलं. हे खोक्यातल्या पन्नीचे फुगे एकेक करून फोडत बसले. मी म्हटलं, पन्नाशीला आले तुम्ही. म्हणाले, मले फोडू दे, आज खूप दिवसांनी हात रिकामा नाही.

लहान खोली पियुषची.

पियुष आमचा एकुलता मुलगा. गेल्या मे महिन्यात तापाने तीन दिवसांत गेला. एकोणीस वर्षं पुरी झाली होती. दहाव्याला शहानूरच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. यांनी मोटारसायकल देतो म्हटलं, त्याच्या मामाने काशीला नेतो म्हटलं. दोन तास झाले. बायका नदीवर जात नाहीत, मी गेले होते. मी पुढे होऊन मोठ्याने म्हटलं, पियुष, तुझ्या वहीतला कम्प्युटर वर्षाच्या आत जोडून देईन. कावळा लगेच आला.

त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी आहे. एकेक नाव चार-चार वेळा खोडून पक्कं केलेलं. तो असताना मी तीनदा म्हटलं होतं, पुढच्या वर्षी पाहू.

वर्षश्राद्ध ९ मेला आहे. त्याआधी माझा शब्द पुरा झाला पाहिजे, म्हणजे तो सुटेल.

शुक्रवार, १८ एप्रिल

माझ्या बहिणीची मुलगी दामिनी इथेच कम्प्युटरच्या दुकानात कामाला आहे. सारं सामान तिनेच पारखून दिलं. तिने मला समजेल असं सांगितलं : मावशी, प्रोसेसर म्हणजे डोकं, पॉवर सप्लाय म्हणजे पोट, अन् ग्राफिक कार्ड म्हणजे डोये. गेमवाल्या पोराले डोयेच महत्त्वाचे.

नवं कार्ड २७,५००. यादीतलंच, पण वापरलेलं, अमरावतीला एका घरी १६,०००. दामिनी म्हणाली, नवंच घ्या. हेही जेवताना म्हणाले, गेलेल्या लेकाले उतरलेलं देतं का कोणी? पितराला घागर कोरी, धोतर कोरं, पत्रावळसुद्धा कोरी, हे मला ठाऊक आहे. पण साडेअकरा हजार म्हणजे थोडे नाहीत. मी म्हटलं, लोखंडाला कसला विटाळ, चिंचेनं घासलं की भांडं शुद्ध.

दामिनीला घेऊन अमरावतीला साईनगरात गेले. रुख्मिणीबाई म्हणून आहेत, माझ्याच वयाच्या. कार्ड त्यांच्या मुलाचं, कुलदीपचं. तो आता खेळत नाही म्हणाल्या. नोटा मोजल्या नाहीत. एवढ्या उन्हात पाणीसुद्धा विचारलं नाही. दामिनीने पावती मागितली, तेव्हा नाव-पत्ता लिहून दिला अन् दार लावून घेतलं.

घरी आल्यावर कार्डावर तुळशीचं पाणी शिंपडणार, तर दामिनी केवढ्याने ओरडली, अवं मावशी, शॉट होईन ना!

रविवार, २० एप्रिल

दामिनीने सकाळी नऊला जोडायला घेतलं, जेवणापर्यंत झालं. काचेतून निळे दिवे दिसतात. हे म्हणाले, हा कम्प्युटर हाय का गणपतीचा मखर? पण चष्मा पुसत बराच वेळ पाहत उभे होते.

पियुष डावखुरा. मी माऊस डाव्या बाजूला ठेवला. गेममध्ये नाव मागतात, तिथे पियुष लिहिलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा ताप दिसतो, ४१ डिग्री. दामिनी म्हणाली, ऐंशीच्या वर गेला की मले फोन करा.

मुगवड्यांची भाजी अन् भाकर पानात वाढून टेबलाशी ठेवली. त्याची आवडती.

बुधवार, २३ एप्रिल

आज दुपारी दोनला हे ऑफिसात होते. मी भांडी लावत होते, तर त्या खोलीतून कळा दाबल्याचा आवाज आला. भरभर. पियुष असाच दाबायचा, मी म्हणायची बोटं तुटतील.

दारातून पाहिलं. स्क्रीनवर माणूस पळत होता. रिकामी खुर्ची टेबलाला लागलेली होती.

मी घाबरले नाही. दारातच बसून खूप रडले, अन् बरं वाटलं. म्हटलं, खेळ बाबू. आता कोणी बंद कर म्हणणार नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

रोज दुपारी दोन ते चार चालतो. दोन दिवस कूलर त्या खोलीत लावला, इथे आम्ही घामाने भिजतो. यांनीही काल नवी उशी आणून खुर्चीत ठेवली.

एक गोष्ट लिहून ठेवते. माऊस उजव्या बाजूला सापडला. मी डावीकडे ठेवला. आज पुन्हा उजवीकडे. माझ्याकडूनच झाडताना सरकला असेल.

मुगवड्या तशाच राहिल्या. वर मुंग्यासुद्धा नाहीत.

शनिवार, २६ एप्रिल

कार्ड ७८ डिग्री. पियुषचा ताप मी वहीत असाच लिहायची.

आज स्क्रीनवर अक्षरं उमटली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. आई कडी काढ.

गच्चीच्या दाराची कडी मी काढली. बाहेर भाजणारं ऊन, कोणी नाही. परत आले तर पुन्हा तेच. आई कडी काढ. आई कडी काढ. पूर्ण स्क्रीन भरला.

पियुष मला आई म्हणत नव्हता. जन्मात नाही. माय म्हणायचा. ‘ओ माय, भाकर टाक.’

रविवार, २७ एप्रिल

दामिनीला बोलावलं. कार्डाला हात लावला तर तिच्या बोटांना फोड आले. ती खाली बसली अन् म्हणाली, तिने अमरावतीच्या ओळखीत विचारलं. मागच्या उन्हाळ्यात रुख्मिणीबाईंनी मुलाला अभ्यासासाठी खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली अन् त्या भजनाला गेल्या. टिनाची खोली. दुपारचे दोन ते चार. परत येऊन पाहतात तर—

कार्ड काढून टाकू, पॉवर बंद करू, म्हणाली. तुमचा पियुष नाही हो मावशी तो. तिने बटण बंद केलं. वायर ओढून काढली. पंखे फिरतच राहिले. तेव्हा ती उठून गेली, जाताना माझ्या पाया पडली.

आज खरं लिहिते. १८ तारखेला मी अर्धं लिहिलं. त्यांच्या दारातून मला आत कोनाड्यात हार घातलेला फोटो दिसला होता. पोराचा. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर घेता आलं नसतं, अन् साडेअकरा हजार वाचत होते. उतरलेलं नाही, मेलेल्याचं आणलं मी. माझ्या लेकाला.

मंगळवार, २९ एप्रिल

रुख्मिणीबाईंचा फोन बंद येतो.

कडी मी काढते, आपोआप बसते. यांनी छिन्नीने उपसली. दुपारी दोनला परत होती. चकचकीत, जशी कोरी.

हे म्हणाले, आपण अंजनगावला जाऊ. मी म्हटलं, उद्या पहिली अक्षय तृतीया आहे त्याची. उद्या घागर भरायची. एवढं होऊ द्या.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय तृतीया.

बाहेरच्या जिन्याने गच्चीवर जाऊन कोरी घागर भरली. पुरणाची पोळी, आमरस, मुगवड्या. हात जोडून वाट पाहिली. कावळे समोरच्या टाकीवर रांगेत बसले होते. एक उतरला. पानापर्यंत आला. अन् थांबला, खोलीकडे पाहत.

मग ऐकू आलं. माझ्या मागून नाही, खोलीतून नाही. गच्चीवरूनच. अगदी जवळून.

माय.

वळले. कोणी नाही. गच्चीच्या फरशीवर ओली पावलं होती, नदीवरून आल्यासारखी. दारापर्यंत गेलेली. दाराशी थांबलेली. आतून कडी होती.

तो आला होता. वर्षभर चालत आला, अन् त्याच्या खुर्चीत दुसरा कोणी—

पावलं उन्हात वाळली. मी ती पुसूसुद्धा दिली नाहीत कोणाला.

गुरुवार, १ मे

पुन्हा आला. दार वाजवतो. हळू, जसा उशिरा घरी आला की वाजवायचा, बाबा उठू नयेत म्हणून. माय, पाय भाजून राहिले.

यांनाही ऐकू आलं. गच्चीवर दाराला डोकं लावून बसले आहेत. दार तुटत नाही. आतला माझ्यासाठी एकच दार उघडं ठेवतो, घरातलं. ८९ डिग्री.

आत जाऊन हात जोडले. म्हटलं, बाबू कुलदीप, तूही कोणाचा लेकच. माझ्या पोराला आत येऊ दे. उत्तर उमटलं. आईला बोलाव.

हे पत्र इथे उतरवून ठेवते, मग यांच्या हाती टपालपेटीत टाकते.

सौ. रुख्मिणीबाईंस, सप्रेम नमस्कार. तुमचा मुलगा इथे आहे. त्याला अजून कडी लागलेलीच आहे. ती माझ्या हाताने निघत नाही, तुमच्या हाताची आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. मीही माझ्या लेकाला पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणाले. पैसे परत नकोत. कार्ड घेऊन जा, नाहीतर नुसतं दाराशी येऊन त्याला हाक मारा. ९ मेपर्यंत या. त्यानंतर माझा पियुष थांबेल की नाही, मला माहीत नाही, तो उन्हात आहे. पत्ता वर दिला आहे. येता की नाही ते उलट टपाली—

दोन वाजले. कळा वाजतात. स्क्रीनवर आलं, तेवढे दिवस कोण थांबेल, आई. माझ्या जागी तूच आत बस. मी कडी काढून त्याला आत घेतो—

यांना सांगून येते. नाही, सांगत नाही. पत्र टेबलावर ठेवलं आहे, तिकीट लावायचं राहिलं. रुख्मिणीबाई, तुम्ही उलट टपाली एवढंच कळवा, आत बसल्यावर बाहेरचं ऐकू येतं का, म्हणजे पियुष दारातून आला की मला त्याचं माय म्हणणं