फोटोतली दोरी

मंगळवार, ९ ऑक्टोबर

ती. बाबांना नमस्कार. आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या रेडिओकाकांनाही.

बाबा, तुम्ही काकांकडून लिहवून घेतलेल्या मागच्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही विचारलंत, "काठी चालू असते तेव्हा आम्हाला काही होत नाही. एकदा ती दिवसभर बंद पडली होती, तेव्हाही काही झालं नाही. मग इंजिनेरबाई, ती काठी नक्की करते काय?" दोन दिवस डोकं खाजवलं. रस्त्याकडेला पुरलेल्या बॉम्बला दुरून रेडिओवर इशारा जातो आणि आमचा जॅमर गाडीवरच्या अँटेनातून, म्हणजे तुमच्या काठीतून, एवढा गोंगाट ओततो की बॉम्बला तो इशारा ऐकूच येत नाही, हे तुम्हाला पाठ आहे. तो गोंगाट कुठवर पोचतो ते मी मोजू शकते. पण त्या दिवशी तिथे कोणी दबा धरून बसलं होतं का, त्याने बटण दाबलं का, काहीच झालं नाही म्हणून शिव्या घालत घरी गेला का, हे मला कधीच कळणार नाही. काही न होणं मोजायचं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही. तुमच्या ताफ्यातल्या लोकांना सांगा, मुलीने हात टेकले.

काका, तुमचं नाव बाबांनी फार चपखल ठेवलंय. काठी चालू झाली की ताफ्यातले सगळे फोन मुके होतात, हा एकच रेडिओ चालू राहतो, असं ते म्हणतात. फोन मुके होतात म्हणून तर आपल्याला पत्रं लिहावी लागतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. फोनवर बाबा "बरंय ना? बरंय" एवढंच बोलायचे.

इकडे सगळं ठीक. आईकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यामुळे घरभर निळं कापड. तिचा खांदा दुखतो, पण ती विचारल्याशिवाय सांगत नाही आणि विचारलं तर चिडते. जिन्यातला दिवा मी दुरुस्त केला. घरमालक म्हणाले, "चला, पदवीचा काहीतरी उपयोग झाला." मी त्यांना म्हटलं, आता भाडं वाढवू नका, नाहीतर पुन्हा अंधार करीन.

तुमचा फोटो पोचला. पहिल्या गाडीपुढे उभे आहात तो. आईने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "बारीक झालेत."

"गाडी मोठी आहे म्हणून तसं वाटतं," मी म्हटलं.

"गाडी काय आज पहिल्यांदा बघतेय मी?"

मग तिने तो चौकटीत घालून शिलाई मशीनच्या वर लावला. समोरच्या आजी मुद्दाम बघायला आल्या. म्हणाल्या, नवरा बरा आहे हो, पण गाडी जास्त बरी आहे. आई दिवसभर हसत होती.

मीही बघितला. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी कामाचं सांगते, कारण तुम्हाला ते आवडतं. कारखान्यामागे आमचं चाचणीचं पटांगण आहे, सपाट, एक झाड नाही. मधोमध जुना ट्रक उभा. त्याच्या टपावर काठी, अगदी सरळ. आम्ही मोजायचं यंत्र घेऊन त्याच्याभोवती मोठा फेरा मारतो, थांबतो, मोजतो, पुढे जातो. प्रत्येक काठीचं असं करतो. नकाशावर ठिपके जोडले की ट्रकभोवती छान गोल तयार होतो. त्या गोलात जे येईल ते झाकलेलं. मी हा गोल पहिल्यांदा काढला तेव्हा मला वाटलं होतं, ही माझी छत्री, आणि हिच्याखाली माझे बाबा आणि त्यांच्या मागच्या सगळ्या गाड्या. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता ना, "ही काठी माझ्या पोरीने तपासलेली आहे," ते ऐकून मला लाज वाटते आणि आवडतंही.

तुमच्या वाटेवर मात्र पटांगण नाही. झाडं आहेत, वस्त्यांमधून आडव्यातिडव्या लोंबणाऱ्या तारा आहेत. तुम्हीच लिहिलं होतं की उन्हाळ्यात एका ताफ्याच्या पहिल्या गाडीची काठी फांदीला अडकून मोडली आणि अख्खा ताफा उघड्यावर थांबला, आणि थांबण्याइतकं वाईट काही नाही.

काका, इथून पुढे काही वगळू नका. माझ्या आजीच्या आजारपणाचं मी लिहिलं होतं तेव्हा तुम्ही खोकला काढून दोन ओळी गिळल्या होत्या. ते आम्हाला नंतर कळलं. या वेळी खोकला आला तर पाणी प्या आणि पुन्हा तीच ओळ वाचा.

फोटोत आईला तुम्ही दिसलात. समोरच्या आजींना गाडी दिसली. मला दोरी दिसली.

काठी टपावरून पुढे वाकवलेली आहे आणि तिचं टोक पुढच्या जाळीला दोरीने बांधलेलं आहे. गाठ घट्ट, नेटकी. कडेला एक कोपर आलंय, बाही वर दुमडलेली. ते कोपर तुमचं आहे ना काका? नुकतीच गाठ मारून बाजूला झाला असाल.

मी रागावलेली नाही. तुम्ही का बांधता ते मला समजतं. फांदी चुकते, तार चुकते, ताफा थांबत नाही. तुमच्या जागी मीही बांधली असती. नियमात काठी बांधायला मनाई आहे आणि सरळ ठेवली तर ती मोडते. असा नियम करणाऱ्याने एकदा तुमच्या शेजारी बसून यायला हवं.

पण बाबा, फोटो बघितल्यावर एका जेवणाच्या सुट्टीत मी पटांगणावर एक दोरी नेली. फोटोत दिसते तशी काठी वाकवून बांधली. काकांसारखी गाठ जमली नाही, साधीच मारली. आणि फेरा मारून मोजलं. माझं चुकलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. गोल राहत नाही. पुढे फुगतो, आणि मागे एवढा आत येतो की तुमच्या मागची गाडी बाहेर पडते.

तुमची नाही. तुमच्या मागची.

तुम्ही स्वतःसाठी घाबरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि त्याचा उपयोग होत नाही हेही. म्हणून मी मुद्दाम दोनदा लिहिलं. मागच्या गाडीत ती नवी पोरं बसतात ना, ज्यांच्याबद्दल तुम्ही लिहिता की चहा घेताना गरम कप गालाला लावून बसतात?

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनीच मला यंत्र हातात कसं धरायचं ते शिकवलं. मी म्हटलं, "चालक काठी बांधतात. बांधली की मागची गाडी उघडी पडते. आपण बांधलेल्या काठीची चाचणी घ्यायला हवी."

"नियमात मनाई आहे," ते म्हणाले.

"तरी बांधतात."

"मनाई आहे म्हणजे आपल्या लेखी बांधत नाहीत. ज्याला मनाई आहे त्याची चाचणी घेतली, तर आपणच परवानगी दिल्यासारखं होईल."

"मग काठीच्या बुंध्याशी स्प्रिंग घालू. फांदी लागली की वाकेल, सुटली की उभी राहील. मग बांधायची गरजच नाही."

"चांगली कल्पना आहे. पण तयार झालेली काठी बदलायची म्हणजे वर कारण द्यावं लागतं. 'माझ्या हाताखालची मुलगी म्हणते' हे कारण होत नाही. कोण बांधतं? कुठल्या गाडीवर? दाखव मला, मी उद्या वर जातो."

मी वही मिटून बाहेर आले. त्यांना वाटलं माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे होतं, आणि ते आमच्या शिलाई मशीनच्या वर टांगलेलं होतं.

बाबा, नियम मोडणाऱ्या चालकाला ताफ्यातून काढून डेपोत पाठवतात. तुम्हीच सांगितलं होतं. पहिल्या गाडीपर्यंत पोचायला तुमचं अर्धं आयुष्य गेलं. "डेपोत गाड्या इकडून तिकडे लावायला माझा जन्म नाही," हेही तुमचंच. मी विचार केला, तुम्हाला गुपचूप लिहावं की दोरी सोडा. तुम्ही सोडली असती. मग काठी फांदीला लागून मोडली असती आणि ताफा थांबला असता. आणि बाकीच्या ताफ्यांच्या पहिल्या गाड्यांचं काय? सगळेच बांधतात, असं तुम्हीच लिहिलंय. तुम्हाला आधी विचारावं म्हटलं, तर पत्र पोचून उत्तर येईपर्यंत तुमची पुढची फेरी निघालेली असणार.

शनिवारी मी चौकट खाली काढली तेव्हा आई मशीनवर होती. पाय थांबवून म्हणाली, "कुठे नेतेस?"

तिला सगळं सांगितलं. दोरीपासून साहेबांपर्यंत. तिने विचारलं, "ते घरी येतील म्हणून तर करत नाहीस ना हे?"

हा दुसरा प्रश्न, ज्याचं उत्तर मला येत नाही. मागच्या गाडीसाठी करते, असं मी म्हटलं, आणि ते खरं आहे. पण रात्रीच्या जेवणाला तुम्ही समोर बसला आहात, असं माझ्या डोळ्यापुढे आलं, हेही खरं आहे. दोन्ही वेगळं करून मोजता येत नाही. बराच प्रयत्न केला. शेवटी ठरवलं, माझा हेतू स्वच्छ आहे की नाही हे कळेपर्यंत मागच्या गाडीने का थांबावं?

मी तिची कात्री घेतली. म्हटलं, फक्त काठी आणि जाळी एवढाच तुकडा कापून दाखवते. चेहरा नको, नंबर नको. आईने कात्री माझ्या हातून काढून घेतली. "एवढासा तुकडा बघून कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, कुठल्याही भंगारातल्या गाडीचा आहे. दाखवायचा तर सगळा माणूस दाखव, नाहीतर परत टांगून ठेव." मग चौकटीची काच पदराने पुसली, फोटो स्वतः बाहेर काढला, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला आणि माझ्या पिशवीत सरकवला. पुन्हा मशीनवर बसली. दोरा सुईत ओवायला तिला फार वेळ लागला.

काका, तुम्हीही फोटोत आहात, कोपराएवढे का होईना. तुमची मी माफी मागते. तुमच्या गाठीत काही दोष नव्हता.

आता पत्र बाबांच्या हातात द्या. पुढचं त्यांनी स्वतः वाचायचं आहे. बाबा, तुम्ही म्हणता ना, जोडाक्षर आलं की गाडी रिव्हर्स घ्यावी लागते? खाली अक्षर मोठं काढलंय आणि जोडाक्षर एकही नाही. सावकाश जा.

बाबा, तुमचा फोटो मी काल साहेबांना दाखवला. कापला नाही. तुमचा चेहरा, गाडीचा नंबर, दोरी, काकांचा हात, सगळं दाखवलं. हे माझे बाबा, असंही सांगितलं. साहेबांनी फोटो उजेडात धरला. मग बोलले, दोरी आण, बांधून सगळे मिळून मोजू. काठी आता बदलेल. पण हुकूम येईल आणि तुमची गाडी जाईल. ते परकं कुणी सांगू नये, मीच सांगावं, एवढंच माझं चालतं. राग आला तर धरा. घरी आलात की समोर बसून बोला, मी ऐकेन. मागची गाडी आता उघडी राहणार नाही.

तुमची लेक,
काठी तपासणारी