अकरा दिवसांचं वर्ष

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खोली लहान आहे, म्हणून सध्या उभ्यानेच घातला आहे. आडवा भेटीत घालीन.)

पत्राला दीड वर्ष उशीर झाला, त्याला कारण काहीच नाही. मध्यंतरी शाई संपली होती हे खरं, पण ती एकच आठवडा. बाकीचे दिवस मी उद्यावर ढकलले, आणि उद्या किती सोशिक असतो हे तुला माझ्या शाळेपासून ठाऊक आहे. तुझा गुडघा कसा आहे? आतोबा अजून पेपर मोठ्यानं वाचून दाखवतात का, आणि तू अजून ऐकल्यासारखं करतेस का?

मी बेकरी सोडली. (भांडण नाही. पाव फुगतो तो माझ्यामुळे नव्हे हे कळलं, मग थांबण्यात अर्थ वाटेना.) त्यानंतर छापखाना झाला, एका बोटीवर दोर गुंडाळून झाले, आणि गेलं वर्षभर मी टेकडीवरच्या एका वेधशाळेत आहे. काळजी करू नकोस, दुर्बिणीला हात लावू देत नाहीत. माझं काम तळघरात, तेही दिवसाचं.

इथल्या बाई एकोणतीस वर्षं एकाच ताऱ्याच्या मागे लागल्या आहेत. तारा आपल्या सूर्यासारखाच, जरासा लहान, आणि तसा शेजारचाच म्हणायचा. म्हणजे तिथून आज निघालेला उजेड इथं पोचेपर्यंत पाळण्यातलं पोर सातवीत जातं. त्याच्याभोवती ग्रह असावेत असा संशय आहे. असावेत म्हणजे दिसत नाहीत. तू लहानपणी माझे दोन्ही हात धरून मला गरगर फिरवायचीस, तेव्हा मी तर उडायचोच, पण तूही थोडी डुलायचीस. आता समज, मी दिसतच नाही, फक्त तू दिसतेस. तुझ्या डुलण्यावरून कुणीतरी ओळखेल की हिच्या हातात एक कार्टं आहे. बाईंचा धंदा हाच. अडचण एवढीच की हा तारा डुलतो तो रांगत्या पोराच्या चालीनं, त्यामुळे ग्रहांचा आकडा काही ठरत नाही. आधी पाच होते, दुसऱ्या मंडळींनी मोजले तर तीन भरले, मग दोनच राहिले. लग्नाला नक्की येतो म्हणालेल्या पाहुण्यांसारखं.

हे डुलणं मोजणारं यंत्र तळघरात एका बंद खोलीत आहे. तिच्याबाहेर आणखी एक खोली, आणि त्या खोलीत सदासर्वकाळ एकसारखी कोमट, कोरडी हवा खेळवलेली. हवा एका अंशाच्या हजाराव्या भागानं जरी गार झाली, तरी यंत्राला वाटतं ताराच हलला. त्या बाहेरच्या खोलीचा राखणदार मी. दार लावून घ्यायचं, रोज सकाळी तापमान वहीत लिहायचं, आत कुणाला सोडायचं नाही. मी कुणालाही सोडलेलं नाही. मी स्वतः त्या 'कुणा'त येतो का, हे मी विचारलं नव्हतं.

आता टेकडीवर बारमाही धुकं. सकाळी वाळत घातलेला कपडा संध्याकाळी जास्त ओला निघतो. (इथल्या स्वैपाकिणीनं एक टॉवेल तीन आठवड्यांनी नाद सोडून फरशी पुसायला घेतला.) आणि खाली ती कोमट हवा नुसती फिरतेय. निघताना तू मला डझनभर बनियन दिले होतेस, त्यातला एक बोटीवर वाऱ्यानं नेला. उरलेले रोज एक असे सगळे घालून झाले की एकदम धुवायचे आणि त्या खोलीत दोरीवर टाकायचे, असा शिरस्ता पडला. वहीचं म्हणशील तर तापमान रोज तेच असतं, म्हणून सोमवारीच मी अख्ख्या आठवड्याचं लिहून मोकळा होतो. अक्षराची तारीफ झालेली आहे.

परवा गुरुवारी बाईंनी बोलावलं. हसत होत्या. (हे इथं कुणीच पाहिलेलं नव्हतं.) नवा ग्रह सापडला होता, अगदी लहान, ताऱ्याला खेटून फिरणारा. बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत, त्याआधी या सोमवारी जगाला सांगायचं ठरलंय. शंका फक्त यंत्राची होती, ती माझी वही पाहून फिटली.

"वर्षभरात एक आकडा हललेला नाही," वहीवर हात ठेवून म्हणाल्या. "तुझ्या जिवावर उडी मारतेय मी."

मी आपलं सहज विचारलं, तिथलं वर्ष केवढं असतं.

"अकरा दिवसांचं."

आत्या, बनियन अकराच आहेत.

मी "छान" म्हणालो आणि खाली आलो. आज शनिवार. सांगितलं तर बाईंचा ग्रह जातो. नाही सांगितलं तर सोमवारपासून जगभरचे शहाणे दुर्बिणी रोखून माझे बनियन शोधणार, आणि ते सापडले नाहीत की हसतील बाईंना, मला नव्हे. आता ग्रह खरोखरच असेलही, आणि अकराचा मेळ योगायोगानं बसला असेल. पण सहामाहीत माझी आणि शेजारच्याची भूमितीतली चूक एकच निघाली, तेव्हाही मी योगायोगच म्हणालो होतो, आणि तू कान धरला होतास.

बाकी क्षेम. जेवण बरं असतं.

तुझा भाचा

ता. क. : खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच. मी वर्षभर दर अकराव्या दिवशी गुडघा चोळायला तुझ्याकडे येत होतो, सबब वेधशाळेत नव्हतो, अशी एक चिठ्ठी लिहून पाठव. खाली आतोबांची सही घे, ती सरकारी दिसते. म्हणजे कुणी बनियनांचा विषय काढलाच, तर ग्रह वाचेल.

दुसरी ता. क. : चिठ्ठी राहू दे. एकतर टपाल सोमवारपर्यंत पोचणार नाही. शिवाय, मग त्या दिवसांचे आकडे वहीत कुणी लिहिले असं बाई विचारतील. चहा घेतो आणि वर जाऊन सांगून टाकतो.

तिसरी ता. क. : चहा व्हायच्या आत बाईच खाली आल्या. माझ्या खोलीत कधी येत नाहीत. हातात वही. म्हणाल्या, बुधवारी दुपारी वीज गेली होती, हवा तासभर बंद होती, आणि गुरुवारी सकाळीही तुझा आकडा तोच कसा? मी सगळं सांगितलं, बनियनांच्या संख्येसकट. यंत्राबाहेरच्या खोलीत जाऊन दोरी पाहून आल्या. मग म्हणाल्या, "सोमवारचं रद्द. पुढचे चार महिने रोज एक धुवायचा, आणि तिथं वाळवायचा नाही. तरीही तारा अकरा दिवसांनी डुलला, तर ग्रह माझा." मी निवृत्तीचं विचारलं. "निवृत्त माणसाला वही वाचता येते. तू फक्त खरी लिही." पत्र घरी चाललंय म्हटल्यावर "पुरं कर" म्हणाल्या, आणि अजून उभ्याच आहेत. खुर्चीवर ओले बनियन आहेत, ते उचलतो, म्हणजे त्यांना बसता येईल.