धूळ ओढणारा हत्ती

२ फेब्रुवारी २००३, रविवार

माझ्या हातानं झालेल्या वस्तू, आजपर्यंत —

टाकी भरली की बोंबलणारा भोंगा. लेकीचं, निधीचं टेबल, चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकतात (दुकानातलं असं आणून दाखवा!). बायको इंदूसाठी पापड वाळवायचा फिरता रहाट — फिरतो उत्तम, पापड उडतात तो वाऱ्याचा दोष. कूलर दोन. एकातून पाणी उडत नाही, दुसऱ्यातून उडतं पण हवा जास्त. शेजारच्या अनंतरावांच्या कवळीला कुलूपवाली डबी, नातू पळवतो म्हणून.

आणि काल उरल्याच्या कारखान्यात चालू केलेली — धूळओढ!

आमच्याकडे भट्टीला आतून लावायच्या विटा होतात. चक्कीत दगड दळतो. धूळ अशी की समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. आता चक्कीवर पत्र्याची टोपी, तिच्यातून सव्वानऊ इंची पाइप (नऊ नव्हे. सव्वानऊ), मध्ये पंखा, आणि पाइप भिंतीतून पार मागे बाहेर. शिक्षण आठवी. नकाशा माझा, पत्रा मी कापला, रिबिट मी ठोकले. चक्कीवाला गंगाधर म्हणाला, "भाऊ, आज सुटीच्या वक्ताले माह्या मिशा काळ्याच होत्या!"

हिरालालसेठ खाली-वर बघून म्हणाले, "मिस्त्री, ये तो हाथी है! सूंड तो देखो!" संध्याकाळपर्यंत सगळे हत्तीच म्हणू लागले. मी मात्र पाटी रंगवली आहे : 'धूळओढ — राजधानी मॉडेल'. रायपूर राजधानी झाल्यापासून आमच्या गुढ़ियारीत राजधानी सलून झालं, राजधानी पंचर झालं. मीच काय घोडं मारलं?

५ फेब्रुवारी

धुळीच्या सर्वेक्षणवाल्या डॉक्टरीणबाई आल्या. डॉ. मीनल, नागपूरच्या. वय निधीहून चार-पाच वर्षांनी जास्त असेल. मला काका म्हणतात. कमरेला बांधायच्या चार डब्या आणल्यात. डबीतून नळी निघते, ती कॉलरला टाचायची. माणूस जी हवा घेतो तीच डबी घेते, आणि आतल्या कागदी चकतीवर धूळ जमते. मग चकती नागपूरला तोलतात. यंत्र सुबक आहे. क्लिप कमजोर. मी सांगितलं तसं.

म्हणाल्या, ही दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसते ती निघत नाही. वर्षानुवर्षं बसली की दम, आणि कोणाकोणाला पुढे कॅन्सरसुद्धा. म्हणून तर हत्ती बनवला, म्हटलं!

मग विचारतात — "काका, कामावरचे कपडे घरी कोण धुतं?"

आता हा काय प्रश्न! इंदू धुते.

"झटकून?"

झटकल्याशिवाय कोणी धुतं काय! त्यांनी ते लिहून घेतलं. इंदू कारखान्यात कामाला नाही. तिचं त्या वहीत काय काम?

डब्या मी चार गड्यांना लावल्या. चौघेही चक्कीजवळचे, म्हणजे माझ्या यंत्राची खरी परीक्षा.

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा कपड्यांचा प्रश्न इंदूला गंमत म्हणून सांगितला. चूक झाली. आजपासून मी अंगणात कपडे काढून, पायजमा गुंडाळून मगच घरात! अनंतराव भिंतीवरून बघत होते. म्हणाले, "काहून हो शालिग्राम, हाकललं काय?"

८ फेब्रुवारी

गंगाधर साळीच्या लग्नाला गेला. एक डबी रिकामी. मी म्हटलं, मी लावतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नको काका, तुम्ही यंत्राचे वडील," आणि बिसाहिनला लावली!

बिसाहिन रेजा आहे, म्हणजे रोजीवरची मजूर बाई. मागच्या पडवीत बाराजणी रेजा बसून पावडर चाळतात, त्यांची ती मुकादम. चक्कीपासून भिंतीपलीकडे. तिच्या डबीत काय येणार? गुडाखूचा वास!

डबी फुकट गेली.

२० फेब्रुवारी

नागपूरहून वजनं आली.

गडी — हत्तीआधीच्या मोजणीत होती त्याच्या चौथाई! चौथाई!! सेठ म्हणाले, गंगाधरच्या दोस्तांच्या चकत्या फ्रेममध्ये लावा. बाकीच्या शेडमध्येही हत्ती बसवायचा विचार आहे म्हणाले. पेढे आले. मी दोन खाल्ले.

बिसाहिन — गड्यांच्या सातपट.

काहीतरी घोटाळा आहे.

२१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंशी बोललो. सर्व शक्यता मुद्देसूद मांडल्या.

मी म्हटलं, बिसाहिन गुडाखू घासते, तंबाखूची पूड उडाली असेल. त्या म्हणाल्या, "काका, गुडाखू दाताला लावतात. नळी खांद्याला होती."

मी म्हटलं, बाया फार बोलतात, तोंड उघडं राहतं. त्या म्हणाल्या, "डबीला तोंड नाही, काका."

मी म्हटलं, लुगड्याचा पदर सारखा झटकतात. त्या म्हणाल्या, "पदरावर कुठून आली?"

घरी येऊन निधीला सांगितलं. वाटलं, बीएस्सी शिकते, बापाची बाजू घेईल. ती मराठीत कुठे बोलते! "बाबा, औरतों की नाक अलग कंपनी की आती है क्या?"

जेवलो नाही. म्हणजे एक भाकर कमी जेवलो.

२२ फेब्रुवारी

बिसाहिनला फाटकात गाठलं. विचारलं, तुझ्या डबीत काय टाकलंस? ती कमरेवर हात ठेवून हसायला लागली, मागच्या अकराजणीही. म्हणाली, "भैया, तोर हाथी ह आघू डहर ले खाथे, अउ पाछू डहर हमर मूड़ म छोड़थे!"

पुढून खातो आणि मागून आमच्या डोक्यावर सोडतो! भर फाटकात! ट्रकवालेही हसले.

मागे कोणी नाही. नकाशात ती जागा मोकळी आहे, मीच मोकळी दाखवली. आता खरं लिहायचं तर पडवीत मी गेलो नव्हतो. पाइपाचं भोक आतूनच पाडलं. तिकडे बाया बसतात, डबा खातात, पदर सोडून बसतात. आपण जाऊ नये, एवढं वळण आहे आपल्याला. बाकी सगळं सुतापर्यंत मोजलं. उभ्या माणसांच्या नाकाची उंचीसुद्धा मोजली होती!

इंदूला म्हटलं, तिकडे जाणं बरं दिसत नाही. ती म्हणाली, "बायांजवळ बसायची लाज वाटते, अन् त्यांच्या डोक्यावर सोडायची नाही वाटत?"

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेलो.

आधी खाकरलो, मग गेलो. प्रयोग म्हणजे प्रयोग — सगळं सारखं पाहिजे. तीच चाळण, तीच उकिडवी बैठक. सेठनं दिलेला मास्क लावला. मास्क सगळे एकाच मापाचे. माझ्या मिशीवर मावत नाही, बिसाहिनचा डोळ्यापर्यंत जातो. तिनं त्यात बोरं ठेवली आहेत.

चाळायला मला येत नाही. चाळण हलवायची नसते, मनगट फिरवायचं असतं. दुकलहीन म्हणून सगळ्यात म्हातारी आहे, तिनं माझा हात धरून शिकवलं आणि बाकीच्या गुणगुणू लागल्या. काय गुणगुणल्या ते लिहीत नाही.

मग पलीकडे गंगाधरनं हत्ती चालू केला.

सव्वानऊ इंची पाइप बरोबर माझ्या डोक्यावर. बसलेल्या माणसापासून हातभर वर! चक्कीतलं सगळं, जे मी इतक्या हुशारीनं गड्यांच्या नाकासमोरून ओढलं होतं, ते सगळं. बिसाहिन दिसेना, तिचं हसणंच ऐकू येत होतं. मग खोकणं.

तासाभरानं उठायला गेलो, तर गुडघे आखडलेले. दोघींनी काखेत हात घालून उभं केलं. दुकलहीन म्हणाली, "ले, डोकरा होगे!" म्हातारा झाला म्हणे. मी! ती पासष्टची असेल.

घरी आलो तर गल्लीतला कुत्रा भुंकला, रोजचा ओळखीचा. इंदू दारातच ओरडली, "अगं माय! पिठाच्या गिरणीत पडले काय?" मला आंघोळ, कपड्यांना आंघोळ. कपडे मीच धुतले. न झटकता. बादलीत बुडवून. तळाशी जो गाळ बसला तो बराच वेळ पाहत होतो. वीस वर्षं ही बाई हे झटकून राहिली, आणि मी तिला म्हणायचो — खोकतेस काहून, पाणी उकळून पीत जा.

२५ फेब्रुवारी

हत्ती बंद केला.

गंगाधर भडकला. "बायांसाठी आम्ही धूळ खायची काय, भाऊ?" म्हटलं, आठ दिवस. "तुले सोपं आहे म्हणायले!" माझ्या पाटीवर पानाची पिचकारी मारली. मी पुसली. रंग पक्का आहे, काही झालं नाही.

दुपारी बिसाहिन आली. आज हसत नव्हती. "सेठ ला झन बताबे भैया. धुर्रा सहि लेबो, रोजी चल दिही त का खाबो?"

धूळ सोसू म्हणते. रोजी गेली तर खायचं काय. सेठला सांगू नको. मी म्हटलं, सेठला कागद आधीच गेला आहे, पण तू घाबरू नकोस, मी यंत्रच दुरुस्त करतो. यंत्र बरोबर झालं की कोणाला काय बोलायचं राहणार?

"हव," म्हणाली. विश्वास बसलेला दिसला नाही.

२ मार्च

उपाय सापडला. पाइपाच्या तोंडाला जाड कापडाच्या लांब पिशव्या. हवा जाईल, धूळ आत राहील. आणि तोंड पडवीत नाही, छपरावर.

सदर बाजारात गेलो. दुकानदारानं कापड उलगडत विचारलं, "कितने पैजामे?" म्हटलं, चार पाय, प्रत्येकी आठ फूट. "किसके लिए?" हत्तीसाठी. तो मुलाला म्हणाला, "छुट्टा मत देना, पहले पैसे ले।"

इंदूच्या मशीनवर मीच शिवलं. तिला हात लावू दिला नाही. सुई दोनदा मोडली. तिसऱ्यांदा तिनं मला उठवलं आणि शिवण नीट घातली. लिहून ठेवतो, कारण खरं आहे : शिवण तिची.

६ मार्च

चढवलं. चार लांबोळे पाय, छपरावरून लटकलेले, हवा भरली की टम्म फुगतात आणि लाथा झाडतात. रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून पाहतात. बिसाहिन म्हणाली, "हाथी ल चड्डी पहिरा दिस!" कारखानाभर तेच. सेठनी पाहिलं. ते मात्र हसले नाहीत. "इसको रोज झाड़ेगा कौन?" म्हणाले.

मी, म्हटलं. ओल्या पोत्यात गुंडाळून.

१३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी यावेळी आठ डब्या आणल्या. चार पुढे, चार मागे. कुणाला लावायच्या ते त्यांनीच ठरवलं. दुकलहीननं डबी पदराखाली झाकली, नवऱ्यानं घेतलेल्या घड्याळासारखी. परत काढून बाहेर घ्यायला लावली.

वजनं यायची आहेत. पण आठही चकत्या उन्हात शेजारी-शेजारी ठेवल्या, तर कुठली पुढची आणि कुठली मागची — मला ओळखता आली नाही! मला!! मी गंगाधरला विचारलं. त्यानं चुकीच्या दाखवल्या. मग खाली पाहून म्हणाला, "चड्डी चांगली आहे, भाऊ."

१५ मार्च

बाराजणींनी मिळून माझ्या डब्यात बोरं टाकली. मास्कमधली नसावीत.

सेठनी चकत्या पाहिल्या. फ्रेमचं काही बोलले नाहीत. होळीनंतर बोलतो म्हणाले.

२० मार्च

सेठनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. पाच शेडना पाच हत्ती पाहिजेत — बिनचड्डीचे, पाइप सरळ मागे. मागचा प्रश्न त्यांनी सोडवला आहे : येत्या सोमवारपासून रेजा बंद, पडवी रिकामी. "औरत ही नहीं रहेगी मिस्त्री, तो नापेगी किसको?" नकाशा आणि पाच यंत्रं मिळून रोख, आजच, टेबलावर. नाही म्हणालो. दोन लाख दहा हजारांना!