गळू आणि व्याहीभेट

३ फेब्रुवारी १९३४
रोजनिशी लिहायला फार उशीर झाला, क्षमा असावी. बसता येत नव्हतं. कारण लिहायचीही लाज वाटते: गळू, ढुंगणावर. हे उभ्यानं लिहितोय. जेवतोही उभ्यानं. गंगाबाईनं कारण विचारलं. बायकोला काय सांगणार? व्रत आहे म्हटलं.

५ फेब्रुवारी
कांदा-हळदीचं पोटीस स्वतःच बांधलं. डॉक्टरला बोलवू का, असं ही विचारते. डॉक्टर म्हणजे शेजारच्या वेंकटरावांचा मुलगा. त्याला मी गल्लीत नागडा पळताना पाहिलंय. आता त्यानं मला पाहायचं? छे!

८ फेब्रुवारी
गळू फुटलं. ट्रीटमेंट सक्सेस! थोडा ताप, पाठीत कळ. उरलेली घाण निघत असणार. रविवारी कुंभकोणमहून मुलाकडचे सीतारामराव येतील, माझ्या नातीचं, कनकलतेचं लग्न पक्कं करायला. घरातला वडील मी. आधी व्याहीभेट, म्हणजे उठून त्यांना मिठी मारायची, मग पुढचं बोलणं.

१० फेब्रुवारी
पाय जड, मुंग्या. नवे जोडे चावले असावेत. अजून घातले नाहीत म्हणा.

११ फेब्रुवारी, रात्र
सीतारामराव हात पसरून उभे. मला उठताच येईना. बसल्या जागी हसलो. ते म्हणाले, तुम्हा तंजावरकरांचं राज्य गेलं तरी ऐट जात नाही वाटतं. कॉफीला न शिवता निघून गेले. आत पोर रडतेय. पाय उठत नाहीत हे सांगायला हवं होतं. पण मग सगळंच दाखवावं लागलं असतं.

१२ फेब्रुवारी
लघवी बंद. गंगाबाईनं न विचारता धोतर बाजूला केलं. म्हणाली, अय्यो, एवढ्यासाठी पोरीची सोयरीक घालवलीत? डॉक्टर आला. पाहिलं. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

१९ फेब्रुवारी, इस्पितळ
ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, काका, गळवाचं विष रक्तातून पाठीच्या कण्यापाशी जाऊन साचलं होतं. पू काढला. पाय जड झाले त्याच दिवशी बोलावलं असतंत तर चालत घरी गेला असतात. आता सांगता येत नाही.

सीतारामराव आले होते. हिनं सगळं कळवलं होतं, जागेसकट. खाटेवर वाकून त्यांनीच मिठी मारली. लग्न ठरलं. मला तोंड कुठं लपवावं कळेना.

उद्यापासून चालायचं असं ठरवलंय. डॉक्टर म्हणतो, आधी पायाचा अंगठा तर हलू दे. दुपारपासून बघतोय. एकदा हलला, पण ती चादर होती.

अंगठ्या, बाबा, चूक माझीच. हलू नकोस हवं तर. पण आहेस की नाहीस, एवढं लवकर कळव.